डेअरीला घातलेले दूध आणि डब्यातली पावडर

वाळवा तालुक्यातून एका आईचे पत्र आले आहे. त्यांचा १९ वर्षांचा मुलगा तालुक्याच्या गावी एका अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी करतो आणि कॉलेजच्या संघातून कबड्डीही खेळतो. उंची पुरेशी आहे, वजन ५८ किलो आहे. मात्र मागच्या भरतीत छाती अर्ध्या सेंटिमीटरने कमी भरली आणि ते त्याने फार मनाला लावून घेतले आहे. अकॅडमीतल्या सरांनी त्याला वहीच्या पानावर एक यादी लिहून दिली : व्हे प्रोटीन, मास गेनर, क्रिएटिन, बीसीएए आणि प्री-वर्कआउट. हे सारे सरांच्या मेव्हण्याच्या दुकानातूनच घ्यायचे असून त्यासाठी महिन्याला ९,४०० रुपये लागतात, त्यातला व्हेचा किलोचा डबाच ३,२०० रुपयांचा. त्या लिहितात, "घरी दोन म्हशी आहेत. आधी एक वेळचे दूध घरात ठेवायचो, आता या पैशांसाठी दोन्ही वेळचे डेअरीला घालतो. लिटरला ५२ रुपये पडतात. घरात अंडी चालतात, मटण महिन्यातून एकदा होते. मुलगा म्हणतो, घरच्या खाण्यात ताकद नसते. परवा त्याची बॅग धुवायला काढली तर तळाशी काचेची छोटी बाटली सापडली. व्हिटॅमिनचे इंजेक्शन आहे म्हणाला. बाटलीवरचे नाव बघून बघून लिहिले आहे. यातले खाणे कोणते आणि औषध कोणते, एवढे तरी सांगा."

ताई, सप्रेम नमस्कार.

पावडरींचे नंतर पाहू, कारण त्या बाटलीचे उत्तर थांबवून ठेवण्यासारखे नाही. तुम्ही एकेक अक्षर लावून जे नाव लिहिले आहे, ते मेफेन्टरमाइन असे वाचता येते. ते व्हिटॅमिन नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी, विशेषतः पाठीत भूल दिल्यावर, रुग्णाचा रक्तदाब एकदम खाली आला तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ हे औषध वापरतात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकण्यास कायद्याने मनाई आहे. निरोगी मुलाने ते टोचून घेतले की छाती धडधडते, रक्तदाब चढतो, झोप आणि भूक उडते, दम लागल्याची जाणीव कमी होते आणि अंगात जोर आल्यासारखे वाटते. या भासासाठीच ते जिममध्ये आणि भरतीच्या मैदानांवर चोरून विकले जाते. पुण्यात आणि राज्यातल्या इतर शहरांतही पोलिसांनी या बाटल्यांचे साठे वेळोवेळी पकडले आहेत. उन्हात १,६०० मीटर पळणाऱ्या मुलाच्या हृदयावर आधीच ताण असतो, त्यावर हे औषध आणखी ताण आणते, आणि वारंवार घेतल्यास त्याची सवय लागते. काहींना भास होऊ लागतात, विनाकारण संशय येऊ लागतो. सुई दोघातिघांत फिरली असेल तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचाही धोका असतो.

म्हणून या आठवड्यातच त्याला फिजिशियनकडे न्या. तालुक्याचे उपजिल्हा रुग्णालयही चालेल. बाटली टाकू नका, सोबत घेऊन जा. रक्तदाब, ईसीजी, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी क्रिएटिनिन एवढे तपासून घ्यायला सांगा, आणि सुई दुसऱ्याची वापरली असल्यास काविळीची व एचआयव्हीची तपासणीही करून घ्या. घरात विचारताना वडिलांच्या आणि शेजाऱ्यांच्या समोर विचारू नका. "किती वेळा घेतलेस आणि शेवटचे कधी घेतलेस" एवढेच विचारा, "का घेतलेस" हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर डॉक्टरांना लागणार आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला माहीत आहे : अर्धा सेंटिमीटर. बंद केल्यावर तो काही दिवस गळून गेल्यासारखा, उदास किंवा चिडचिडा दिसेल, खूप झोपेल. तसे झाले तर घाबरू नका, पण एकटेही राहू नका. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येते.

आता ती यादी. तुम्ही विचारले आहे की हे खाणे आहे की औषध. कायद्याच्या नजरेने हे अन्नच आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने आरोग्यपूरके, न्यूट्रास्युटिकल्स आणि खेळाडूंसाठीचे विशेष अन्न यांसाठी २०१६ मध्ये वेगळे नियम केले. त्यांनुसार अशा डब्यात संप्रेरके, स्टेरॉइड किंवा मनावर परिणाम करणारी द्रव्ये घालता येत नाहीत आणि डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. तरीही नियम कागदावर आहेत आणि डबा दुकानात आहे. मधल्या अंतरात काय काय घडू शकते, ते केरळच्या काही डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत दिसले. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पावडरी त्यांनी प्रयोगशाळेत तपासल्या, तेव्हा सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा आतल्या पावडरीशी जुळला नाही, काहींत तर लिहिल्याच्या निम्मीच प्रथिने निघाली आणि १४ टक्के नमुन्यांत बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष आढळले.

आकडा कसा फुगवतात, तेही सांगतो, कारण एकदा कळले की विसरत नाही. पावडरीतली प्रथिने थेट मोजण्याऐवजी बहुतेक वेळा तिच्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रथिनांचा हिशोब लावतात. ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त द्रव्ये मिसळली की नायट्रोजन वाढतो, आकडा चढतो, पण स्नायूला लागणारे पूर्ण प्रथिन तेवढे नसते. व्हेच्या डब्यावरच्या घटकांच्या यादीत ही नावे वेगळी लिहिलेली दिसली, किंवा प्रत्येक घटकाचे प्रमाण न देता नुसते ‘ब्लेंड’ म्हणून सगळे एकत्र लिहिलेले दिसले, तर तो डबा मी परत ठेवायला सांगतो.

खरे व्हे म्हणजे काय, हे तुमच्याइतके चांगले कोणाला कळणार? दूध नासले किंवा पनीरसाठी फाडले की चोथा फडक्यात राहतो आणि खाली पातेल्यात हिरवट-पिवळसर निवळी उतरते. ती निवळी गाळून, तिच्यातले पाणी, साखर आणि स्निग्धांश काढून जी प्रथिने उरतात, ती वाळवली की व्हेची पावडर होते. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण २० टक्के प्रथिने या निवळीत जातात आणि ८० टक्के चोथ्यात राहतात. म्हणजे तुमच्या म्हशीचे दूध डेअरीच्या कॅनमध्ये जाते आणि त्याच जातीचे प्रथिन डब्यात भरून, चॉकलेटचा वास लावून ३,२०० रुपयांना तुमच्या घरी येते. किलोच्या डब्यात त्यातल्याच मापाचे ३० चमचे धरले तर एका चमच्याला १०७ रुपये पडतात आणि डबा अस्सल असेल तर त्यातून सुमारे २४ ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढीच प्रथिने तुमच्या म्हशीच्या साधारण ६५० मिलिलिटर दुधात आहेत. डेअरीच्या दराने त्याचे ३४ रुपये होतात, शिवाय कॅल्शियम आणि वजन वाढायला लागणारा स्निग्धांश त्यात आहेच. पत्रातले ते वाक्य, दोन्ही वेळचे दूध डेअरीला घालतो, हे मी दोनदा वाचले. मुलाच्या ताकदीसाठी घरातले दूध विकायचे आणि त्या पैशांतून दुधाचीच पावडर आणायची, ही वेळ या बाजाराने किती घरांवर आणली असेल, या विचाराने मला फार वाईट वाटते.

त्याला प्रथिने किती लागतात, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि ‘घरच्या खाण्यात ताकद नसते’ हे मुलाचे म्हणणे सरसकट खोटे नाही. साध्या, बसून काम करणाऱ्या प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. तुमच्या मुलाला त्या हिशोबाने ४८ ग्रॅम पुरतील. पण तो रोज धावतो, जोर मारतो, कबड्डी खेळतो. अशा मुलासाठी किलोमागे १.४ ते १.६ ग्रॅम धरायला हरकत नाही, म्हणजे ८१ ते ९३ ग्रॅम. भाकरी, पातळ आमटी, भात आणि दोन वेळचा चहा एवढ्यावर हा आकडा गाठला जात नाही, हे खरे आहे. भर हवी आहे. प्रश्न फक्त ती कुठून घालायची, एवढाच आहे.

तुमच्याच स्वयंपाकघरातून मांडून पाहू. म्हशीचे अर्धा लिटर दूध, १८ ग्रॅम. तीन अंडी, १८ ग्रॅम. मूठ-दीड मूठ फुटाणे, म्हणजे ५० ग्रॅम, त्यातून १० ग्रॅम. ३० ग्रॅम शेंगदाणे, ७ ग्रॅम. मोड आलेल्या मटकीची वाटीभर घट्ट उसळ, ८ ग्रॅम. तुरीच्या डाळीची आमटी, पण डाळ दिसेल अशी, ६ ग्रॅम. दिवसभरात ज्वारीच्या चार भाकऱ्या, २४ ग्रॅम. बेरीज ९१ होते. भाकरीचा आकडा पाहून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण भाकरी म्हणजे नुसते पोट भरायचे साधन अशी समजूत आहे. ज्वारीत शंभर ग्रॅममागे १० ग्रॅमच्या जवळपास प्रथिने असतात, आणि डाळीबरोबर किंवा उसळीबरोबर खाल्ली की एकातली उणीव दुसरे भरून काढते. अंड्याचा वार नसेल त्या दिवशी मूठभर सोयावड्या भाजीत घाला, ३५ ग्रॅम सुक्या वड्यांत तीन अंड्यांएवढी प्रथिने असतात. दूध, अंडी, फुटाणे आणि शेंगदाणे या भरीचा खर्च दिवसाला साधारण ६० रुपये होतो, त्यात दुधाचे २६ रुपये हे डेअरीकडून न मिळालेले पैसे आहेत. महिन्याला १,८०० रुपये. यादीचे होते ९,४००.

मी तालमीतल्या पोरांबरोबर बरीच वर्षे काम केले आहे. पश्चिम महाराष्ट्रात खुराक हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दूध, तूप, बदाम घालून घोटलेली थंडाई यांवर इथले मल्ल उभे राहिले. तुमच्या मुलाला बदाम परवडत नसतील तर शेंगदाणे खाऊ द्या, मला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही.

यादीतल्या उरलेल्या वस्तूंवर फार वेळ घालवत नाही. मास गेनरमध्ये बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे बहुधा मक्याच्या स्टार्चपासून केलेले कर्बोदक असते. एक भाकरी आणि गूळ-शेंगदाणे तेच काम करतात. बीसीएए ही तीन अमिनो आम्ले दूध, अंडी, डाळ यांत पुरेशी असतात, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. प्री-वर्कआउटमध्ये मुख्यतः कॅफिन असते, अनेक डब्यांत एका चमच्याला १५० ते ३०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कप कडक कॉफीएवढे. संध्याकाळी घेतले तर रात्रीची झोप जाते, आणि स्नायू झोपेतच भरून निघतात. त्या इंजेक्शनवर हे घेतले असेल तर हृदयावरचा ताण आणखी वाढतो, म्हणून हा डबा आजच बंद करा. क्रिएटिनबद्दल मात्र मी वेगळे बोलेन. या सगळ्यांत सर्वाधिक अभ्यास त्याचाच झाला आहे, रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्याने निरोगी प्रौढाला अपाय झाल्याचे दिसत नाही आणि गोळाफेक किंवा १०० मीटर धावणे यांसारख्या थोड्या वेळाच्या जोरात त्याचा थोडा उपयोग होतो. तरीही पहिल्या तपासण्या होईपर्यंत तेही थांबवा. क्रिएटिन घेणाऱ्याचे क्रिएटिनिन तपासणीत वाढलेले दिसू शकते आणि मूत्रपिंड बिघडल्याचा विनाकारण संशय येतो, म्हणून तो ते घेत होता हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

व्हेबद्दल माझे मत राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मतापेक्षा किंचित सौम्य आहे. संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिन पावडरी घेऊ नयेत, असे स्पष्ट सांगितले आणि दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेतल्यास हाडे व मूत्रपिंडे यांना धोका असल्याचे म्हटले. मूत्रपिंड निरोगी असेल आणि डबा अस्सल असेल तर दिवसाला एक चमचा व्हेने नुकसान होते, असे मी म्हणणार नाही. शहरात वसतिगृहात राहणाऱ्या, दूधही धड न मिळणाऱ्या मुलांना मी स्वतः ते सुचवले आहे. पण ज्या घरात दोन म्हशी आहेत, तिथे त्याची काही गरज नाही.

माझा खरा आक्षेप पावडरीपेक्षा विक्रीच्या पद्धतीवर आहे. जो सर मुलाला पळायला लावतो, त्याची छाती मोजतो, त्याची भीती जवळून ओळखतो, त्याच्याच घरात दुकान असेल, तर त्याची यादी सल्ला राहत नाही, ती विक्री होते. हा बाजार गावोगावी पोचला आहे. अमूलसारखी सहकारी संस्थाही आता व्हेची पाकिटे विकते आणि मंचरला पराग मिल्क फूड्स ही कंपनी व्हे प्रोटीन बनवते, हे चांगलेच आहे, कारण मालाचा उगम तरी कळतो. पण भरती अकॅडमीजवळच्या गाळ्यात जो माल उघड्यावर, बिलाशिवाय आणि ‘सरांनी सांगितले’ एवढ्या भांडवलावर खपतो, त्याचा उगम कोणालाच माहीत नसतो. नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे भंगारातून गोळा करून पुन्हा भरले जातात. मी एकदा एका मुलाचा डबा हातात घेतला, तेव्हा तोंडावरचे सील वेड्यावाकड्या इस्त्रीने चिकटवल्यासारखे होते आणि तळाची बॅचची तारीख झाकणावरच्या तारखेशी जुळत नव्हती. तो मुलगा महिनाभर ते खात होता. तुमच्या घरी डबे संपले असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी लेबल फाडा आणि डब्याला भोक पाडा.

मुलगा कबड्डी खेळतो, म्हणून आणखी एक गोष्ट त्याला तुम्हीच वाचून दाखवा. नोंदणी असलेल्या स्पर्धांतून खेळताना त्याचा नमुना राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने, म्हणजे नाडाने घेतला तर ‘मला माहीत नव्हते, डब्यात होते’ हे उत्तर त्याला वाचवणार नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, असा जगभरचा नियम आहे. मेफेन्टरमाइन तर सरळ बंदीच्या यादीत आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवचे २०१६ चे प्रकरण कुस्तीप्रेमींना आठवत असेल. आपल्या खाण्यापिण्यात दुसऱ्याने मिसळले, असे त्याचे म्हणणे होते, नाडाने ते मानले; तरी ऐन रिओ ऑलिंपिक चालू असताना आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली.

अर्ध्या सेंटिमीटरचे काय, हा त्याचा खरा प्रश्न. भरतीला छाती ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढ लागते, ते त्याला पाठ असेलच. वजन सहा महिन्यांत तीन किलो वाढले आणि आठवड्यातून तीन दिवस जोर, डिप्स आणि पुलअप्स झाले, तर अर्धा सेंटिमीटर भरून निघणे अवघड नाही, कारण मोजपट्टी छातीबरोबर पाठीच्या स्नायूंवरूनही फिरते. मैदानी चाचणीच्या ५० गुणांत १,६०० मीटरला २० गुण आहेत. तिथे डब्यापेक्षा रात्रीची आठ तास झोप आणि हिमोग्लोबिन जास्त कामी येईल. हिमोग्लोबिन कमी निघाले तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील, त्या चहाबरोबर घेऊ देऊ नका.

घरात उघडे असलेले डबे खाऊन संपवायचे म्हणून संपवू नका. पैसे गेले, ते गेले. दुकानातून पक्के बिल मागा. ते देणार नाहीत, तरी मागा. डब्यावरचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक वहीत उतरवून घ्या, फोटो काढून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा; त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५ आहे. इंजेक्शनची तक्रारही तिथेच करता येते आणि ती करताना मुलाचे नाव सांगण्याची गरज नाही. सरांशी भांडायला अकॅडमीत जाऊ नका. भरतीपर्यंत त्याला तिथे पळायचे आहे, आणि आईने मैदानावर येऊन आवाज चढवला तर तो पुढची बाटली अधिक नीट लपवेल.

उद्या सकाळी धार काढल्यावर कॅन डेअरीला जाण्याआधी अर्धा लिटर मापाने काढून वेगळ्या भांड्यात ठेवा आणि त्याला दिसेल असे ठेवा. फिजिशियनकडे जाऊन आलात की रक्तदाब, ईसीजी आणि हिमोग्लोबिन यांचे निष्कर्ष मला कळवा, त्यावरून पुढच्या तीन महिन्यांचे खाणे आपण नीट ठरवू.